उन्हेऱ्याचा एक निवांत दिवस

गावातील व्यापाऱ्याच्या वर्षात विश्रांतीचा दिवस आपोआप उगवत नाही. पावसाच्या तोंडावर बी-खतांची आणि उधारीची धावपळ असते. दसरा-दिवाळीला दुकानात उभे राहायला जागा नसते. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि मार्च जवळ आला की हिशेबनीस सोडून कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही. या सगळ्यात एक फट राहते ती पौष महिन्याची. पौषात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, म्हणून कापड, भांडी आणि सराफी या तिन्ही गल्ल्यांत गिऱ्हाईक पातळ होते. थंडीही तेव्हाच कडक पडते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे तेव्हाच अधिक बोलू लागतात. ज्यांनी चाळीस वर्षे कटासणे अंथरून, मांडी घालून प्रतिक्रमण केले, त्या आजी आता स्थानकात खुर्ची मागतात. कोणीतरी सुचवते, ‘एकदा त्यांना उन्हेऱ्याच्या कुंडावर नेऊन आणा.’

सूचना चांगली आहे, पण तिची आखणी नीट झाली नाही तर विश्रांतीसाठी काढलेला दिवस दुकानातल्या दिवसाहून अधिक थकवून जातो. वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेऱ्यासारख्या गावातून सहलीला निघालेल्या कित्येक कुटुंबांचा असाच अनुभव असतो. पहाटे निघायचे, पाच ठिकाणे पाहायची, कोठेच धड बसायचे नाही आणि रात्री अकराला घरी येऊन पाय चेपत बसायचे. येथे विचार करायचा आहे तो एका ठिकाणी जाऊन, एकच गोष्ट करून, सूर्यास्तापूर्वी घरी परतण्याचा.

महाराष्ट्रात गरम पाण्याचे झरे थोडेथोडके नाहीत. त्यांपैकी अनेकांच्या नावातच त्यांची ओळख आहे. उष्ण या शब्दाचे मराठी रूप ऊन. त्यावरून रायगड जिल्ह्यातले उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातले उनपदेव, नांदेडच्या किनवट तालुक्यातले उनकेश्वर अशी नावे पडली. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सुमारे अठरा ठिकाणी असे झरे वर येतात. या पाण्याखाली ज्वालामुखी धुमसत असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच सरली. घडते ते असे की पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. जमिनीत जितके खाली जावे तितकी उष्णता वाढते. दर किलोमीटरला ती साधारण पंचवीस ते तीस अंशांनी चढते असे मानतात. खोलवर तापलेले हे पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते आणि वाटेत खडकांतील क्षार, कोठे गंधक, बरोबर घेऊन येते.

या सर्वांत इतिहासाने सर्वांत श्रीमंत म्हणावे ते ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी या तीन जागा जवळजवळ आहेत आणि तिन्हींच्या परिसरात उष्ण कुंडे आहेत. १७३७ साली सुरू झालेल्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई हाती आल्यावर देऊळ बांधवले, ही परंपरा प्रसिद्ध आहे. दारावर नगारखाना आणि भोवती तट असलेले ते देऊळ किल्ल्यासारखे दिसते, त्याचे कारण बहुधा त्या काळातच शोधावे लागेल. गणेशपुरीला भगवान नित्यानंदांचे वास्तव्य होते. १९६१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला आणि त्यांच्यामुळे त्या कुंडांची कीर्ती परदेशापर्यंत गेली.

असे असूनही तळेगाव ढमढेऱ्याच्या कुटुंबाने एका दिवसासाठी वज्रेश्वरीचा विचार करू नये. अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात जाते आणि वाटेत कल्याण-भिवंडीची गर्दी आहे. एका बाजूला पाच तासांखाली पोहोचणे कठीण. पौषात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घराचे त्या दिवसाचे भांडवल एवढेच, म्हणजे जेमतेम अकरा तास. त्यातले दहा तास गाडीत गेले तर कुंडाच्या वाट्याला काय उरणार? वज्रेश्वरीला जायचे तर एक मुक्काम ठेवावा.

उन्हेऱ्याचे गणित वेगळे आहे. शिक्रापूरहून चाकणमार्गे जाणारा रस्ता एका तळेगावातून निघालेल्या माणसाला दुसऱ्या तळेगावात, तळेगाव दाभाड्याला, नेऊन सोडतो. तेथून द्रुतगती मार्गाने घाट उतरून खोपोली, खोपोलीहून पाली आणि पालीपासून तीन किलोमीटरवर उन्हेरे. एकूण अंतर सुमारे एकशेचाळीस किलोमीटर, वेळ साडेतीन तास. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे म्हणून पाली गाव सर्वांना ठाऊक असते. गावाच्या डोक्यावर सरसगड उभा आहे आणि जवळून अंबा नदी वाहते. हा सुधागडचा मुलूख १९४८ पर्यंत भोर संस्थानात, म्हणजे पंत सचिवांच्या अमलाखाली होता. अष्टविनायकाची यात्रा करणारी मंडळी दर्शनानंतर उन्हेऱ्याला वळतात, हा क्रम जुना आहे. कुंडे बांधीव आहेत, जवळ विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे आणि पाण्याला गंधकाचा किंचित वास येतो.

दिवस ठरवताना पंचांग समोर ठेवावे. अष्टमी-चतुर्दशी टाळावी, कारण घरातल्या कोणाचा ना कोणाचा उपवास किंवा आयंबिल असतेच. आपल्याकडच्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमीला, म्हणजेच पोष दशमीला, भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक येते. त्या सुमारास अट्ठम करणारे असतात, म्हणून ते तीन दिवसही सोडावेत. संकष्टी चतुर्थीला आणि माघातल्या गणेशजयंतीला पालीत पाय ठेवायला जागा नसते. रविवार दुकानदाराला सोयीचा वाटतो खरा, पण तो साऱ्या मुंबई-पुण्यालाही सोयीचाच असतो. गावातल्या दुकानदाराने मधला एखादा वार निवडावा. पौषातल्या एका बुधवारी दुकानाला कुलूप लागले म्हणून पेढीची पत खाली येत नाही.

चातुर्मासात हा प्रवास करूच नये. साधु-साध्वी त्या काळात विहार थांबवतात आणि श्रावकानेही अनावश्यक प्रवास आवरावा, हा आपला रिवाज. पावसाळ्यातल्या कोकणाची अवस्था पाहिली तर त्या रिवाजातला व्यवहारही लक्षात येतो.

आता तासांची मांडणी. ती नेहमी सकाळपासून केली जाते. येथे सूर्यास्तापासून मागे यावे. सहाच्या आत घरचे जेवण उरकायचे, म्हणजे पाचला घरी पोहोचायचे. त्यासाठी दुपारी दीडला उन्हेऱ्याहून निघायला हवे. चार तास निवांत हवे असतील तर साडेनऊला तेथे असले पाहिजे. याचा अर्थ पहाटे साडेपाचला गाडी निघाली पाहिजे, म्हणजे वाटेत नवकारशीसाठी अर्धा तास मिळेल. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, साधारण आठच्या सुमारास, नवकारशीचे पच्चक्खाण येते. तेव्हा गाडी घाट उतरून खोपोलीच्या बाजूला असते. पहाटे निघण्याचा आणखी एक लाभ आहे. शिक्रापूर-चाकण रस्त्यावर रांजणगाव आणि चाकणच्या कारखान्यांचे कंटेनर धावतात आणि चाकणच्या चौकात दिवसा अर्धा-पाऊण तास सहज जातो. परतताना तो चौक चुकत नाही. म्हणून संध्याकाळच्या जेवणाचा कोरडा डबा गाडीत वेगळा ठेवावा. कोंडी झालीच तर सूर्यास्तापूर्वी गाडीतच खाऊन घेता येते आणि मनाची घालमेल वाचते.

या मांडणीत बल्लाळेश्वराच्या रांगेला, सरसगडाच्या चढाला किंवा लोणावळ्याच्या चिक्कीला वेळ ठेवलेला नाही. तो मुद्दामच ठेवलेला नाही. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका हे मोठे मनोरंजन उद्यान आहे. तेथे मुलांच्या माना वळतील आणि गाडीत आग्रह सुरू होईल. मुलांना तेथे जरूर न्यावे, पण वेगळ्या दिवशी. आजीच्या गुडघ्यांचा दिवस आणि नातवाच्या पाळण्यांचा दिवस एकाच गाडीत बसवला की दोघांचाही पुरा होत नाही.

याहून नाजूक बाब स्वयंपाकघराची आहे. आपल्या घरांत आदल्या दिवशीची पोळी चालत नाही. ओलसर पदार्थ रात्र उलटली की वासी. तेव्हा साडेपाचला निघायचे आणि दशम्या, भाजी, पुऱ्या बरोबर हव्यात, असे ठरले तर घरातल्या सुनांना रात्री अडीच-तीनला उठावे लागते. इतरांचा विश्रांतीचा दिवस त्यांच्या जागरणावर उभा राहतो आणि कुंडावर पोहोचल्यावर त्याच ताटे वाढत असतात. ही गोष्ट घरातल्या पुरुषांच्या लक्षात क्वचित येते, आणि लक्षात आली तरी क्वचित बोलली जाते. यावर उपाय जुन्या गृहिणींनीच करून ठेवलेला आहे. खाकरे, सुखडी, मुरमुऱ्याचा चिवडा, भाजलेले मखाणे, सुकामेवा हे सारे दोन दिवस आधी करून ठेवता येते. एका दिवसाचे जेवण कोरडे झाले तर काही बिघडत नाही. ज्यांना दुपारी गरम अन्नच हवे, त्यांनी पालीतील खाणावळीत कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य करून जेवण मिळेल काय, हे आधी दूरध्वनीवरून विचारून ठेवावे. वाढण्याचे काम त्या दिवशी मुलांकडे आणि पुरुषांकडे असावे.

पिण्याचे पाणी मात्र पहाटेच उकळावे लागते. हिवाळ्यात उकळलेल्या पाण्याची मर्यादा चार प्रहरांची, म्हणजे साधारण बारा तासांची. पाचला उकळलेले पाणी पाचपर्यंत चालते. घरून निघून घरी परतेपर्यंतचा काळ त्यात नेमका बसतो. उन्हाळ्यात ही मर्यादा पाच प्रहरांची आणि पावसाळ्यात तीन प्रहरांची, हे घरोघरी माहीत असतेच.

पाण्याचा विषय निघाला की घरातले एखादे लहान मूल हमखास विचारते, ‘आजी, हे पाणी तर जमिनीतूनच गरम येतं. मग ते पक्कं पाणीच ना?’ मोठ्यांनाही हा प्रश्न पडतो, पण ते विचारत नाहीत. चुलीवर तापलेले पाणी अचित्त होते, तर धरणीने तापवलेले का होऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या आगमांत फार स्पष्ट आहे, आणि ते एका खऱ्या झऱ्याच्या निमित्ताने दिलेले आहे. बिहारमधील राजगृह, आजचे राजगीर, हे भगवान महावीरांच्या चातुर्मासांनी पावन झालेले नगर. कल्पसूत्राप्रमाणे राजगृह आणि नालंदा परिसरात त्यांचे चौदा चातुर्मास झाले. त्या नगराबाहेर वैभारगिरीच्या पायथ्याशी आजही उष्ण झरे वाहतात. सम्मेतशिखरजी आणि पावापुरीच्या यात्रेत राजगीरला गेलेल्या वाचकांनी ब्रह्मकुंड आणि सप्तधारा पाहिल्या असतील. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या दुसऱ्या शतकात गौतमस्वामींनी याच पाण्याविषयी भगवंतांना विचारले आहे. अन्य मतांचे लोक म्हणत की वैभाराखाली अनेक योजनांचा एक मोठा जलाशय आहे आणि तेथून हे गरम पाणी झरते. भगवंतांनी ते नाकारले. वैभाराजवळ पाचशे धनुष्य लांबी-रुंदीचा एक झरा आहे आणि त्याचे नाव महातपोपतीरप्रभव, असे त्यांनी सांगितले. त्या झऱ्यात उष्णयोनिक जीव, म्हणजे ज्यांची उत्पत्तीच उष्णतेत होते असे जीव, पाण्याच्या रूपाने जन्म घेतात आणि च्यवतात, हा त्या उत्तराचा गाभा. तेव्हा भूमीतून उष्ण आलेले पाणी हे सचित्तच. त्याची उष्णता हा त्यातील जीवांचा मृत्यू नसून त्यांची योनी आहे. उन्हेऱ्याचे पाणी पक्के पाणी म्हणून पिता येणार नाही, हे नातवाला सांगायला आजीला दुसरा आधार लागत नाही.

आगमातील अप्काय जीव आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणारे जंतू ही एकच गोष्ट आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. आगमाचे प्रामाण्य प्रयोगशाळेच्या दाखल्यावर अवलंबून नाही. तरीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. उकळीच्या जवळ गेलेल्या पाण्यात काही जगत नाही, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ धरून चालले होते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञाला सत्तर अंशांच्या आसपास सुखाने वाढणारा एक जंतू सापडला. त्याचे वर्णन १९६९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हे नाव मिळाले. त्याच जंतूपासून मिळालेल्या विकरावर पीसीआर ही चाचणी उभी राहिली. करोनाच्या दोन वर्षांत नाकातला नमुना देऊन ज्या अहवालाची वाट पाहिली, त्याच्या मुळाशी एका उष्ण झऱ्यातील जीव होता.

मग पुढचा प्रश्न उभा राहतो की श्रावकाने कुंडात उतरावे की नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात जलक्रीडेची गणना प्रमादाचरणात केली आहे. म्हणजे करमणुकीसाठी पाण्यात डुंबणे, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवणे हे अनर्थदंडात मोडते. गुडघ्याला शेक मिळावा म्हणून पाय पाण्यात सोडणे हे प्रयोजनाचे काम आहे. दोन्हींत आरंभ आहेच, पण दोन्ही एका मापाचे नाहीत. ज्यांनी बारा व्रते घेतली आहेत त्यांनी आपापल्या मर्यादेप्रमाणे आणि गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. ज्यांना कुंडात उतरायचे नाही त्यांना काठावर बसून गुडघ्यापर्यंत पाय बुडवता येतात, आणि सांधेदुखीला तेवढे पुरतेही. बादलीने पाणी बाहेर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. फार गरम वाटले म्हणून त्यात गार पाणी ओतण्याची सवय असते, पण थंड आणि उष्ण अप्काय हे एकमेकांना शस्त्र मानले आहेत. तेच पाणी थोडा वेळ थांबून निवले की वापरावे. साबण, शिकेकाई, उटणे, तेल काही कुंडाजवळ नेऊ नये. जपानमध्ये उष्ण झऱ्यांवर स्नानाची मोठी परंपरा आहे. तेथे कुंडात पाऊल टाकण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुण्याचा शिरस्ता आहे आणि तो न पाळणाऱ्याकडे लोक नाराजीने पाहतात. जयणा हा शब्द त्यांना माहीत नसेल, पण वागणे तेच आहे.

उष्ण कुंडांच्या गुणांविषयी गावोगाव पुष्कळ बोलले जाते. खरूज-नायटा जातो, संधिवात पळतो, अर्धांगवायू बरा होतो. श्रीपाल आणि मयणासुंदरीची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला त्वचारोग आणि पवित्र जल यांचे नाते परके नाही. पण त्या कथेत रोग गेला तो सिद्धचक्राच्या आराधनेने आणि न्हवण जलाने. जमिनीतल्या गंधकाने नव्हे, हे विसरू नये. उष्ण पाण्याने स्नायू सैल होतात, सांध्यांचा ताठरपणा काही काळ उतरतो आणि झोप चांगली लागते, एवढे निश्चित सांगता येते. औषधाची गोळी त्या दिवशीही वेळेवर घ्यायची असते.

आणि येथेच सर्वांत अधिक सावधगिरी हवी. गरम पाण्यात बसले की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस वीस-पंचवीस मिनिटांनी झटकन उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या दगडावर पडण्याची भीती असते. दहा मिनिटे बसावे, बाहेर यावे, पाणी प्यावे, वाटल्यास पुन्हा दहा मिनिटे बसावे. उठताना हात धरायला कोणी जवळ असावे. मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे त्यांना पाणी किती तापलेले आहे ते कळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्याने कोपर बुडवून आधी पाहावे. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

ही पथ्ये सर्वांसाठी झाली. आपल्या घरांसाठी आणखी एक पथ्य आहे आणि ते कोणत्याही पर्यटनाच्या पुस्तकात सापडणार नाही. पौषात अनेक घरांत वर्षीतप चालू असतो. एक दिवस उपवास, एक दिवस ब्यासणे. उपवासाच्या दिवशी शरीरात पाणी आधीच कमी असते. चौविहार उपवास असेल तर घोटभरही गेलेले नसते. अशा दिवशी उष्ण कुंडात बसणे म्हणजे उरलेले पाणी घामावाटे घालवणे. तपस्वी व्यक्तीला न्यायचे असेल तर सहल तिच्या ब्यासण्याच्या दिवशी ठेवावी. ते जमले नाही तर तिने कुंडाजवळ न जाता सावलीत माळ फिरवत बसावे, आणि घरच्यांनी आग्रह करू नये.

लहान मुलांना एक गोष्ट बजावावी की डोके पाण्याखाली घालायचे नाही आणि नाकात पाणी जाऊ द्यायचे नाही. इंग्लंडमध्ये बाथ नावाचे शहरच उष्ण झऱ्याभोवती वसले आहे. रोमन लोकांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे भव्य स्नानगृह बांधले. दररोज अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी, सुमारे शेहेचाळीस अंशांवर, तेथे वर येते. १९७८ साली त्या जुन्या हौदात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला. उबदार पाण्यात वाढणारा आणि नाकावाटे मेंदूत शिरणारा अमीबा त्याला कारण होता. त्यानंतर तो ऐतिहासिक हौद स्नानाला बंद झाला. २००६ साली शेजारी नवे स्नानगृह उघडले, पण रोमन हौद आजही केवळ पाहण्यासाठी आहे. हा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे आणि त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तो पाणी पिण्याने होत नाही, नाकात गेल्यानेच होतो, एवढे मुलांच्या आईवडिलांना ठाऊक असावे. पाय बुडवून बसणाऱ्याला त्याचे भय नाही.

साडेनऊला पोहोचलेले कुटुंब साडेअकरापर्यंत शेक घेऊन मोकळे होते. पुढचे दोन तास मोकळे ठेवावेत. कोरडे कपडे चढवून, डोक्याला रुमाल बांधून, पाऊण तास नुसते पडून राहावे. गरम पाण्यातून निघाल्यावर येणारी गुंगी हाच या सहलीचा खरा लाभ, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाडीत बसून वाया घालवतात. एक सतरंजी आणि दोन उशा बरोबर असल्या की पुरे. ज्यांना सामायिक करायची आहे त्यांना अठ्ठेचाळीस मिनिटे सहज सापडतात. दुकानाचा फोन एकाकडेच असावा आणि त्याने तो थोडा दूर जाऊन घ्यावा.

निघण्यापूर्वी आदल्या दिवशी एक चौकशी अवश्य करावी. कुंडांची साफसफाई किंवा दुरुस्ती चालू आहे काय, स्त्रियांच्या बाजूची व्यवस्था कशी आहे आणि वृद्धांना उतरायला पायऱ्यांजवळ आधार आहे काय. पालीतल्या एखाद्या दुकानदाराला विचारले तर तो खरे ते सांगेल. व्यापाऱ्याला व्यापाऱ्याचा पत्ता मिळणे कठीण नसते.

राहता राहिले ते प्लास्टिकचे डबे. उन्हेऱ्याहून परतणाऱ्या गाड्यांत पाच-दहा लिटरचे डबे भरलेले दिसतात. जे शेजारी येऊ शकले नाहीत त्यांच्या गुडघ्यांसाठी, घरी न्यायला. चाकण येईपर्यंत ते पाणी कोमट होते, तळेगावात पोहोचेपर्यंत गार. शेक देण्याजोगे त्यात काही उरत नाही आणि उष्णतेत जन्मलेले जे जीव त्यात होते त्यांच्या दृष्टीने तर तो सारा प्रवास घाताचाच. शेजारच्या आजींना पुढच्या पौषात गाडीत एक जागा द्यावी. डबे घरीच ठेवावेत.